त्या बाईले उतरवा आधी

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं लोक म्हणतात. ही मागच्या एप्रिलमधल्या एका रविवारची, भर दुपारची. अकोल्याबाहेरच्या एका पडीक वावरात. तिथे तेव्हा शंभरावर माणसं होती. त्यातल्या कोणालाही विचारा.

मी मनोज. वलगावला आमची फुलशेती आहे. माझी मोठी बहीण चंदाताई तेल्हाऱ्याकडे दिलेली. तिचा नवरा कुलदीप, म्हणजे माझे भाऊजी, आगीचा बंब चालवतात.

माणूस धाडसी. उन्हाळ्यात कुठे कापसाची गंजी पेटली की बंब असा पळवतात की बाजूला बसलेला देवाचं नाव घेतो. आणि सुट्टीच्या दिवशी एकच नाद... मातीवरच्या कार रेस. एक जुनी लाल गाडी स्वतः खोलून, स्वतः जोडून तयार केली होती. जिंकायचे कमी, पण नाद सुटत नव्हता.

मार्चमध्ये ताईचा फोन आला.

"मनोज, तुहे भाऊजी गाडीत कोनाले तरी घेऊन फिरून राहिले."

"कोनाले?"

"बाईले."

मी हसलो.

ताई हसली नाही.

"डावी सीट पाह्य ना, रोज पुढं सरकवलेली असते. बुटक्या मानसासाठी सरकवतात तशी. मी मांगं करतो, सकाळी पुन्हा पुढं. अन् पट्टा लावलेला असते. रिकाम्या सीटले पट्टा कोन लावते, सांग मले?"

भाऊजींना तिनं विचारलं होतं. ते एवढंच म्हणायचे, "मी एकटाच असतो." आणि उठून जायचे.

खरं सांगतो, भुताबिताचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला राग आला. माझ्या बहिणीचा संसार होता तो. म्हटलं, या माणसाला रंगेहाथ पकडायचं.

म्हणून त्या रविवारी कोणाला न सांगता अकोल्याच्या रेसला गेलो. ताईही आली होती. सोबत तिची लहान मुलगी, खुशी. मी त्यांना दिसलो नाही. मंडपामागे उभा राहून भाऊजींवर नजर ठेवली.

हेल्मेट घालताना एकटे.

गाडीत बसताना एकटे.

डावी सीट रिकामी. मी नीट पाहिली. मला थोडं हायसं वाटलं.

लाल गाडी सुरुवातीच्या रेषेवर येऊन थांबली.

आणि लाउडस्पीकरवरून आवाज आला...

"ओ लाल गाडीवाले, दोघं चालत नाही. त्या बाईले उतरवा आधी!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

ताई ताडकन उठली. खुशीचा हात सोडून थेट गाडीकडे निघाली. मी मागून धावलो. मी पोहोचलो तोवर तिनं डावीकडचं दार उघडलंही होतं.

आत कोणी नव्हतं.

सीट मात्र पुढे सरकलेली होती. काही क्षणांपूर्वी तशी नव्हती.

पट्टा लावलेला. आणि तो सीटला चिकटलेला नव्हता... मध्ये कोणीतरी बसलेलं असावं तसा पुढे ताणलेला होता.

आतून वास येत होता. जळालेल्या केसांचा.

"कोन हाय?" ताईनं दार धरून विचारलं.

भाऊजी समोरच पाहत राहिले. "कोनी नाही. दार लाव, चंदा."

लाउडस्पीकरवर बोलणारे महादेवराव म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. ते लगबगीनं आले, आत डोकावले, कपाळाचा घाम पुसला.

"उन्हानं दिसलं असंन मले," म्हणाले. पण पुन्हा आत पाहिलं नाही.

ताईनं दार लावलं, आम्ही बाजूला झालो. झेंडा पडला. गाड्या सुटल्या.

पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या वळणावर धुळीचा लोट उठला. लोट खाली बसला तेव्हा लाल गाडी मधोमध उभी होती.

भाऊजी बाहेर पडले. आम्हाला वाटलं, आमच्याकडे येतील.

ते वळसा घालून डावीकडच्या दाराशी धावले.

"हात दे! हात दे मले!"

आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. ते अर्धे आत वाकले. कोणाच्या तरी काखेत हात घालून ओढावं तसे पाय रोवून मागे मागे येऊ लागले. बंबवाले आगीतून माणूस काढतात तसे.

हातात काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं हो...

ते ट्रॅकच्या कडेपर्यंत आले. हातातलं "ते" जपून खाली ठेवलं.

आणि मागे गाडी भक्कन पेटली.

आम्ही धावत पोहोचलो. भाऊजी धुळीत गुडघ्यावर बसले होते. "वाचली ना?" एवढंच विचारत होते. "वाचली ना ती?"

"कोन, भाऊजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे उभ्या ताईकडे. आणि तोंड मिटलं.

मी खाली पाहिलं. जळत्या गाडीपासून तिथपर्यंत मातीत दोन रेघा होत्या. टाचा फरफटत आल्यासारख्या. भाऊजींच्या बुटांच्या खुणा वेगळ्या होत्या.

महादेवरावांनीही त्या पाहिल्या. आणि चपलेनं पुसून टाकल्या.

"काहून पुसलं?" मी विचारलं.

"लेकरं हायेत इथं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दवाखान्यात भाऊजींची बाही कापली तेव्हा मनगटावर भाजल्याचा डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, तापलेलं लोखंड लागलं असेल.

पण गाडी पेटली तेव्हा ते लांब होते. आणि त्या डागाला पाच बोटं होती.

डॉक्टर बाहेर गेल्यावर ताई खाटेजवळ आली. तिनं आपली बोटं त्या डागावर हळूच ठेवून पाहिली. एकेक करून. डागातली बोटं तिच्यापेक्षा आखूड होती. बारीक.

"माहा हात नाही हा," ती म्हणाली.

भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

या गोष्टीला आता वर्ष झालं. रेस बंद झाली. बंब ते अजून चालवतात. डाग गेलेला नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ताई आता काही विचारत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघंच अंगणात चहा घेत बसलो होतो. मी धीर करून विचारलं.

"भाऊजी, तुमी तिले वळखत होते का?"

त्यांनी शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली.

"मी तिले बाहेर काढलं, मनोज. मले तेवढंच मालूम हाय."

"कुठून बाहेर काढलं?"

'गाडीतून' म्हणाले असते तर मी पुढे काही विचारलं नसतं.

ते म्हणाले नाहीत.

कप खाली ठेवून घरात निघून गेले.