दुवा कायम

पतमापन प्रयोगशाळेच्या काचेच्या खोलीत हेमांगी कारखानीस खुर्चीच्या कडेवर बसली होती. संध्याकाळी नाशिकला तिच्या आधीच्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, बुडालेल्या सौरकौलांच्या कारखान्याचा लिलाव होता. तो विकत घ्यायचा आणि दारावरची श्रीरंगच्या नावाची पाटी त्याच्या डोळ्यांदेखत उतरवायची, एवढ्यासाठीच ती घटस्फोटापासून दात-ओठ खात जगली होती. आणि ऐन वेळी बँकेनं कर्ज नाकारलं. कारण काय, तर तिच्या पत-अहवालात श्रीरंगशी दुवा! तोही लग्नातल्या आहेराचे पैसे ठेवायला दोघांनी मिळून उघडलेल्या खात्यामुळे, आणि ते खातं तर कधीच बंद झालं होतं.

"नवरा सुटला, खातं मिटलं, आणि त्याचं दिवाळं मात्र माझ्या माथी?" ती कडाडली. "तोडा तो दुवा. आत्ताच्या आत्ता!"

दुवामापक यंत्र समोर बसलेल्या डॉ. पागे यांनीच बनवलं होतं. असल्या आरडाओरड्याची त्यांना सवय होती.

"बाई, खातं हे निमित्त. त्यावरून यंत्राला जोडी कळते, एवढंच. पुढे ते प्रभाव मोजतं. एकाच्या वागण्यानं दुसऱ्याचे आर्थिक निर्णय बदलत असतील, तर एकाची जोखीम दुसऱ्याचीही. बदल थांबले, की दुवा आपोआप गळून पडतो."

"म्हणजे तो अजून माझ्यावरच डोळा ठेवून आहे! वाटलंच मला." तिला मनापासून आनंद झाला.

पागे यांनी पडदा उजळला. त्यावर एकच बाण होता, श्रीरंगकडून हेमांगीकडे येणारा.

"त्यांनी गाडी घेतली, लगेच तुम्ही तिच्याहून मोठी घेतलीत. त्यांनी शाळेला देणगी दिली, तुम्ही दुप्पट दिलीत. घर घेतलंत तेही त्यांच्या समोरच्याच इमारतीत, एक मजला वर."

"आणि माझ्याकडून त्याच्याकडे जाणारा बाण?"

"तो घटस्फोटानंतर वर्षभरातच विरला."

घाव वर्मी बसला. इतकी वर्षं तिनं जिवाची तगमग करून घेतली, आणि त्या माणसाच्या ते गावीही नव्हतं! संतापानं तिचे डोळे भरून आले.

"मग खड्ड्यात जाऊ दे तो कारखाना!" मनगटावरच्या पट्टीवर बोट आपटून तिनं लिलावातली आपली बोली मागे घेतली. "झालं. आता मोजा."

पागे यांनी यंत्र पुन्हा चालवलं. बाण आधीपेक्षा जाड झाला होता.

"असं कसं? मी तर सगळं सोडलं!"

"श्रीरंगना धडा शिकवायला घ्यायचं ठरवलंत आणि त्यांच्यावरच चिडून सोडलंत. यंत्राला दोन्ही सारखंच."

"मग मी करू तरी काय?"

"ते नसतेच तर जे केलं असतंत, ते करा."

हेमांगीनं विचार करून पाहिला. तिला काहीच सुचेना. पर्स उचलून ती दारापर्यंत गेली आणि थबकली.

"पागेसाहेब, आता तो कारखाना दुसरं कोणीतरी घेईल ना? त्या घेणाऱ्याकडून मी घेईन. त्यासाठी माझं घर विकावं लागलं तरी चालेल."

पागे यांनी दुवा कायम ठेवला आणि पडदा मालवला.