आडवी काठी

मल्लेशचं काम बंगळूरच्या कंपनीत दुसऱ्या कुणाला नकोच असे. इतरांनी लिहिलेला प्रोग्राम समजून घ्यायचा आणि तो कसा चालतो ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहून ठेवायचं. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात त्याच्या वाट्याला संगणकाच्या पार पोटातला, पडद्यावर चित्र उमटवणारा भाग आला होता. त्याला ड्रायव्हर म्हणतात एवढं सांगितल्यावर त्याच्या गावातल्या, निर्ण्यातल्या अर्ध्या लोकांनी मल्लेश ट्रकवर असतो असं धरून टाकलं. त्यानंही नंतर ते खोडून काढायचा नाद सोडला.

आता लिहायचा होता तो भाग दाराचा होता. आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही. एखादा प्रोग्राम चित्र काढायला आला की ड्रायव्हर त्याला एक नंबर देतो. तो नंबर त्यानं मास्टरपुढे ठेवायचा. मास्टर म्हणजे पडद्याचा ताबा घेऊन आधीपासून आत बसलेला प्रोग्राम. तो 'हा आपला' म्हणाला की दार उघडतं. स्वतःची ओळख स्वतः देऊन भागत नाही, आतलं कुणीतरी बोलावं लागतं.

मल्लेशला हे कळायला वेळ लागला नाही. त्याचे वडील धुळाप्पा मेंढरं राखायचे, तेव्हा दिवस मावळताना वाघुरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी काठी आडवी धरून बसायचे. आत आई उभी असायची, रेणुकाबाई. एकेका मेंढराचं तोंड बघून ती म्हणायची, "आपलंच हाय," की काठी वर. दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू कितीही ओरडलं तरी बाहेरच. पुढं मेंढरं विकली, काचबिंदूनं धुळाप्पांची नजर गेली, पण काठी काही सुटली नाही. आता ते घराच्या उंबऱ्यात बसत आणि काठी चौकटीत आडवी लावत. जावई येवो की तलाठी, आतून रेणुकाबाई बोलल्याशिवाय ती उचलत नसत. गाव हसायचं, आणि हसत हसत थांबायचंही.

माघात रेणुकाबाई गेली. त्याआधी तिनं फोन केला होता. "येऊन जा रं मल्ल्या. लई वाटायलंय." कामाची तारीख गळ्याशी आली होती. पुढच्या आठवड्यात येतो, असं तो म्हणाला, आणि तेही तिला घाई करत. तो पोचला तेव्हा माती होऊन गेली होती. दारात काठी आडवी होती. "अप्पा, मी आलो," तो म्हणाला. काठी हलली नाही. आतून बहीण तुळजा रडत रडत "आपलंच हाय" म्हणाली, तेव्हा कुठं ती वर गेली. ते त्याच्या मनात काट्यासारखं राहिलं. म्हाताऱ्यानं एकदा, नुसत्या त्याच्या आवाजावर काठी उचलावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठीच तो काम बरोबर घेऊन महिनाभर गावी आला होता.

तो आला तशी तुळजा सासरी, कोहिनूर गावाला निघाली. "मी गेल्यावर तुला आत कोन घेनार?" ती हसून म्हणाली. मग आई आठवून तिचं हसू विरलं. संध्याकाळी तो दुकानातून परतला आणि खरोखरच स्वतःच्या घरात मागच्या दारानं शिरला. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मधल्या खोलीत शहाबादी फरशीवर चाचणीचा संगणक मांडून बसला होता. मास्टर त्यानं मुद्दाम बंद केला होता. मास्टरच नसेल तर काय होतं, ते लिहायचं होतं. कुणालाच आत घेतलं जात नाही, असं वाक्य त्यानं लिहिलं. तेवढ्यात उंबऱ्यात काठी उचलल्याचा आवाज झाला.

"कोन आलं, अप्पा?"

"मला काय दिसायलंय? आतून म्हटली, म्या उचलली."

"कोन म्हटली?"

धुळाप्पांनी काठी पुन्हा आडवी लावली. मल्लेशच्या अंगावरून एक वास गेला. रात्रभर बसनं आलेल्या माणसाला येतो तसा, डिझेलचा आणि घामाचा. तो उन्हाला दोष देऊन पुन्हा पडद्याकडे वळला.

पडद्यावर एक पाहुणा प्रोग्राम आत बसलेला दिसत होता. मान्यता मिळालेला. मास्टर बंदच होता, म्हणजे होकार द्यायला कुणी नव्हतं. पाहुण्यापुढे नाव होतं मल्लेशचं. त्यानं स्वतः तर काहीच सुरू केलं नव्हतं. त्यानं पाहुण्याला हाकललं. तो परत आला, मान्यतेसकट. चूक सापडली म्हणून मल्लेश आधी खूश झाला. मग मास्टर पुन्हा लावून त्यानं स्वतःचा प्रोग्राम चालवून पाहिला.

प्रवेश नाकारला. परत केला, परत तेच.

घरात फोनला रेंज नव्हती. बंगळूरच्या सहकाऱ्याला विचारावं म्हणून तो बसथांब्याकडे गेला. बाहेर जाणाऱ्याला धुळाप्पा कधी अडवत नसत. फोन काही लागला नाही. तो परतला तेव्हा दिवेलागण झाली होती.

मागच्या दाराला आतून कडी होती.

तो पुढं आला. घरात दिवा होता. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, बांगड्यांसकट. काठी आडवी होती, आणि धुळाप्पांच्या तोंडावर माघापासून न दिसलेलं समाधान होतं.

"अप्पा, मी."

"मी कोन?"

"मल्लेश."

"मल्लेश आत हाय की. तिनं बोलावलं तसा आला बगा, लगेच. तिनंच वळखला."

"अप्पा, आई गेली."

म्हातारा दुखावला. "तिन्हीसांजेचं असं कामून बोलायलास, बाबा?"

मल्लेशला भीती वाटायच्या आधी हेवा वाटला. आतला जो कोण होता, तो वेळेवर आला होता.

"आई," तो ओरडला. "मी हाय गं. सांग की अप्पांना."

थापायचा आवाज थांबला.

"कोन हाय रं बाहीर?" रेणुकाबाईच्या आवाजानं विचारलं.

उत्तर मल्लेशच्याच आवाजात आलं, तोंडात घास असल्यासारखं, सावकाश.

"कुनी न्हाई, आई. तू वाढ."