गिऱ्हाइकाचा पार्ट

"माझे डोळे गेलेत," असं म्हणत तो दुकानात शिरला, तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि माझ्या हातात चष्म्याच्या काचा पुसायचं फडकं होतं. डोळे गेलेल्या या माणसानं पायपुसण्याला पाय पुसले, आरशांमधून नीट वाट काढली आणि बरोबर तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसला. मी मनात म्हटलं, वा रे वा!

"काय होतंय नक्की?"

त्यानं आधी खाकरून घसा साफ केला. "वाचताना शब्द... हलतात. अंधारी येते डोळ्यांपुढे."

काका, म्हणजे आमचे मालक, मागच्या खोलीत मशीनवर काचा घासत होते. नंबर तेच काढायचे. मी फक्त दिवा लावून भिंतीवरचा तक्ता दाखवायची. पठ्ठ्यानं वरच्या ढब्बू अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळी इंग्रजी अक्षरं धडाधड वाचली. एकही चुकलं नाही!

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे. एवढं वाचताय तरी काय?"

पुन्हा खाकरणं. "दहावीचं इंग्रजी." मग जरा ओशाळून म्हणाला, "सुटी अक्षरं ओळखतो हो मी. ती एकत्र जमली की माझं काही चालत नाही."

गिऱ्हाइकाला हसू नये, हे मला कळतं. पण मी हसले, चांगली खो खो हसले. आणि हसता हसताच काउंटरखालून माझं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. तेच, दहावीचं इंग्रजी. त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे... तुम्हीपण?"

"मीपण," मी म्हटलं.

तो रस्त्याच्या टोकाच्या रोपवाटिकेत कामाला होता. कलमं बांधायची, कुंड्या भरायच्या. त्याला शेतीच्या पदविकेला जायचं होतं आणि दहावीचं इंग्रजी तेवढं राहिलं होतं. माझंही तसंच. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घ्यायला काका मला स्वतःच्या खर्चानं पाठवणार होते. "दुकान पुढे तूच बघ," म्हणाले होते, "पण आधी दहावी पूर्ण कर." आणि माझं घोडं अडलं होतं ते तोंडी परीक्षेत. लेखी मी कशीही रेटते, पण समोर बाई बसून इंग्रजीत काही विचारायला लागल्या की माझी दातखीळ बसते. दोनदा बसली होती. एरवी माझी बडबड थांबवायला आई हात जोडते, म्हणून तिचा यावर विश्वासच बसत नाही.

तोंडी परीक्षेत दोघांची जोडी करतात, एक चिठ्ठी देतात आणि तिच्यावर लिहिलेल्या प्रसंगावर बोलायला लावतात. मला बोलायला माणूस हवा होता, त्यालाही हवा होता. दुपारी दुकानात चिटपाखरू नसे. झालं, तो रोज दुपारी यायला लागला.

"मी दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "दुकानात मी उभी असते ना!"

"बरं," तो म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

मग तो बाहेर जायचा, दार ढकलून पुन्हा आत यायचा, खाकरायचा आणि म्हणायचा, "गुड मॉर्निंग. आय वॉन्ट टू बाय अ प्रेझेंट."

"फॉर हूम?" मी विचारायची.

इथे तो दर वेळी थांबायचा. आधी हातावरची माती झटकायचा, मग आरशाकडे बघायचा... आमच्या दुकानात आरसे इतके, की कुठेही बघितलं तरी शेवटी मीच दिसते. मग खाकरायचा.

"फॉर अ फ्रेंड."

मी फ्रेम दाखवायची, किंमत सांगायची, तो महाग म्हणायचा, मी भाव कमी करायची. रोज तेच. मागचं मशीन अधूनमधून बंद पडायचं, पण बिघाड काही नसायचा. मशीन थांबलं की समजायचं, काकांनी कान टवकारलेत.

"अगं, त्याला भाव जरा जास्त सांग," एकदा आतून आवाज आला, "तेवढाच जास्त वेळ बोलेल बिचारा!"

त्याचे कान लाल झाले. माझे झाले नाहीत. निदान आरशात तरी मला तसं दिसलं नाही.

हळूहळू मला त्याच्या सगळ्या सवयी कळायला लागल्या. चहा गार झाल्याशिवाय तो पीत नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम सुतळीचा तुकडा असतो. दुकानाबाहेर खांबाला टेकलेला सुकलेला वेल त्यानं मला न विचारता बांधून ठेवला आणि तो वेल जगला. घरी मी हे सगळं आईला सांगायची. आई त्याला 'खोकला' म्हणायची.

"आज खोकला नव्हता वाटतं?" एकदा मला गप्प जेवताना बघून तिनं विचारलं.

"रोपांची गाडी आली होती म्हणे."

"मग तोंड का पाडलंयस? औषध आणू का?"

"आई!" मी ओरडले. मला खरंच करमत नव्हतं आणि आईनं ते ओळखलं याचा रागही आला होता.

परीक्षेचा दिवस उजाडला. शाळेच्या व्हरांड्यात सगळी कोवळी पोरं, आणि त्यांच्यात आम्ही दोघं घोडे. जोड्या बाई लावतात हे आम्हाला माहीत होतं. पण पार्टही बाईच वाटतात, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तो माझ्या आधी आत जाऊन आला. मी नजरेनंच विचारलं, कसा गेला? त्यानं खांदे उडवले, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

माझ्या जोडीला दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी होती. बाईंनी चिठ्ठी उघडली. दुकानातली खरेदी! मला नाचावंसं वाटलं. मग बाईंनी पेनानं आधी त्या मुलीकडे खूण केली, मग माझ्याकडे. ती दुकानदार, मी गिऱ्हाईक.

माझा सगळा पार्ट ती वेण्यांवाली घेऊन बसली होती. दातखीळ बसायला लागलेली मला कळत होती. आता हे वर्ष गेलं, काकांचं दुकान गेलं... मी दाराकडे बघितलं. ते नीट लागत नव्हतं आणि फटीतून बाकावरचा त्याचा शर्ट दिसत होता, खिशातून डोकावणाऱ्या सुतळीसकट.

मी खाकरले.

"गुड मॉर्निंग. आय वॉन्ट टू बाय अ प्रेझेंट."

"फॉर हूम?" वेण्यांनी विचारलं.

माझे हात आपोआप झटकले गेले. "फॉर अ फ्रेंड."

त्याचं सगळं बोलणं माझ्या तोंडून येत होतं, त्याच्या थांबण्यासकट. इतके दिवस मी माझा पार्ट घोकत होते आणि कान मात्र त्याच्याकडे होते, हे मला तेव्हा कळलं. मग बाईंनी मध्येच विचारलं, मित्र कसा आहे तुमचा? काय आवडतं त्याला?

हे चिठ्ठीत नव्हतं, आम्ही कधी घोकलंही नव्हतं. पण मला येत होतं! त्याला गार चहा आवडतो, म्हटलं. तो कमी बोलतो. मेलेली झाडं बांधून जगवतो. तो आला नाही तर दुपार संपत नाही... मोडकंतोडकं, चुकतमाकत, पण मी बोलतच सुटले. शेवटी बाईंनी हात वर केला आणि हसून म्हणाल्या, "थँक यू, थँक यू, इनफ!"

मी पास झाले, ते पुढे निकालात कळलंच. पण त्या क्षणी मी बाहेर आले आणि त्याला बघून माझे पाय थबकले. पागोळ्या गळत होत्या. तो उभा राहिला.

"तुमचा कसा गेला?" मी घाईघाईनं विचारलं.

"चिठ्ठी दुकानाचीच निघाली, पण समोरचा मुलगा घाबरून गप्पच झाला. मग दोन्ही पार्ट मीच म्हटले."

"माझाही? तो कसा आला तुम्हाला?"

"पाठ आहे. तुमचं सगळंच पाठ आहे मला." त्यानं दाराकडे बोट दाखवलं. "तुम्ही काय बोललात, तेही ऐकलं. दार लागत नाही त्या खोलीचं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. आणि गंमत बघा, इंग्रजीत एवढं बोलून आलेली मी... मराठीत माझी दातखीळ बसली.

"खरं होतं ते?" त्यानं विचारलं.

मी नुसती मान हलवली. माझे कान लाल झालेत हे या वेळी मला आरशाशिवायही कळलं.

तो एक पाऊल पुढे आला. मी वाट बघत होते, आता खाकरेल, मग बोलेल.

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. सरळ, एका दमात. एकदासुद्धा खाकरला नाही.