मोसंबीच्या कोल्डरूममधली ऊब

हे ऐकीव नाही. माझ्या आईसोबत घडलंय. गेल्या मे महिन्यात, उल्हासनगरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये… भर दुपारी.

रात्र असती तर मीही हसण्यावारी नेलं असतं.

माझी आई, अंजनी, तिथे मोसंबी निवडायची. मोसंबी थेट थंडीत ठेवली की सालीवर तपकिरी खड्डे पडतात. म्हणून आधी तिला गरम पाण्यात बुडवून काढायचं. ते काम मोतीबाईचं. आईची जिवाभावाची मैत्रीण.

होळीच्या सुमारास मोतीबाई गेली. हार्ट अटॅक. गरम पाण्याच्या टाकीपाशीच.

सुपरवायझर कल्पेशने टाकीच बंद केली. "टाइम खोटी होतो, अंजनीताई. माल डायरेक्ट आत टाका."

थोड्याच दिवसांत माल डागाळला.

त्या दुपारी आई खराब फळं वेगळी काढायला आत गेली.

मागे दार लागलं. आतलं हँडल हलेना.

मग बल्ब गेला…

आईने थापा मारल्या. हाका मारल्या. मशीनच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? बोटं बधिर झाली. ती क्रेटला टेकून खाली बसली.

आणि एकदम… घरघर थांबली.

त्या शांततेत… छप.

छप… छप…

कोणीतरी पाण्यात फळं सोडत होतं.

"कोण आहे?"

दोन ओले हात तिच्या मनगटांवर आले… गरम. त्यांनी तिचे हात पाण्यात बुडवले. अलगद. पार कोपरापर्यंत.

"मोतीबाई?"

"घाबरू नको गं, अंजने. ऊब घे…"

आईला रडू फुटलं.

"…मग डाग नाही पडायचा. टिकशील. इथंच."

आई किंचाळली.

दार उघडलं ते कल्पेशने. घरघर थांबल्याचं आईने सांगितलं. "ताई, मशीन बंद झालीच नव्हती," तो म्हणाला. आत पाण्याचा थेंब नाही. फरशी ठणठणीत कोरडी. आईच्या स्वेटरच्या बाह्या मात्र कोपरापर्यंत भिजलेल्या…

त्यातून वाफ निघत होती.

आईने काम सोडलं. कल्पेशने दुसऱ्याच दिवशी टाकी सुरू केली, कोणाला काही न सांगता.

डॉक्टर म्हणाले, बोटं ठीक आहेत. मी आईला विचारलं, मोतीबाई तुला वाचवायला आली होती ना? आई नुसती हातांकडे बघत राहिली.

परवा आमच्या बेलवलीच्या घरी मला ताप भरला. आईने कपाळावर हात ठेवला. हात कोरडा होता. मी स्वतः पाहिला.

तिने तो उचलला… आणि माझ्या कपाळावरून कोमट पाणी ओघळलं.