मिटलेल्या डोळ्यांचे फोटो

खुलताबादच्या एका लग्नात, बायकांच्या हॉलच्या मागच्या पायरीवर बसून मी बिर्याणी खात होते. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कॅमेरा. अंगठ्यानं एकेक फोटो उडवणं चालू होतं. सकाळपासून उभी राहून पाय सुजले होते. आतून नवरीची मावशी चौथ्यांदा हाका मारत होती – "निलोफर, अगं निलोफर!" ऐकू येत होतं, पण मी उठले नाही.

"काय उडवताय एवढं?"

वर बघितलं. चष्मा, घामेजलेला सदरा, हातात बहिणीच्या चपलांची पिशवी. दाराच्या आत बायका म्हणून बिचारा पायरीच्या खालीच थांबला होता.

"मिटलेले डोळे," मी म्हणाले. "चाळीस बायकांच्या फोटोत एक तरी डोळे मिटतेच."

"हे तर सॉफ्टवेअर करू शकतं."

"मग सांगा की त्याला. लई उपकार होतील."

मी टोमणा मारला होता. त्यानं तो काम म्हणून घेतला.

तो मुनीब. मूळचा पिशोरचा, इथं शहरात चिकलठाण्याला एका कंपनीत प्रोग्रॅमर. बहीण आमरीनकडून पत्ता काढून आठ दिवसांनी तो रोशन गेटजवळच्या आमच्या स्टुडिओत हजर झाला. स्टुडिओ माझ्या मुख्तार मामूंचा. पुढं मामू पासपोर्टचे फोटो काढायचे, मागच्या टेबलावर मी.

मी फक्त जनान्यातले, म्हणजे बायकांच्या बाजूचे फोटो काढते. लोक मला बोलावतात ते एका शब्दावर – हे फोटो कुणी पुरुष बघणार नाही आणि इंटरनेटवर जाणार नाहीत. म्हणून एका लग्नाचे चार हजार फोटो एकटीनं निवडायचे. मदतीला पुरुष ठेवता येत नाही, आणि हे काम येणारी बाई मिळत नाही. सात लग्नं तुंबली होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या कामाचा कंटाळा आला होता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. एक जूनपासून एका शाळेच्या ऑफिसात बसायचं असं जवळजवळ ठरलं होतं. अम्मी खूश होती. येणारं प्रत्येक स्थळ आधी एकच विचारायचं, "लग्नानंतर हे सोडणार ना?"

"फोटो मला दाखवूच नका," मुनीब म्हणाला. "काय दिसतं ते सांगा फक्त. सगळं तुमच्याच लॅपटॉपवर चालंल. बाहेर एक फोटो जाणार नाय."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो यायचा. मध्ये टेबल, माझ्या लॅपटॉपची पाठ त्याच्याकडं. मी बघून सांगायची, तो ऐकून लिहायचा.

"हिरव्या साडीतल्या बाई जांभई देतायत."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हीपण आत्ता दिली. तिसरी."

"तुम्ही सॉफ्टवेअर लिहा…"

तिसऱ्या रविवारी मी त्याला झापलं. "तुमच्या सॉफ्टवेअरनं रुखसतीचे सगळे फोटो फेकले. नवरी सासरी निघताना कोण डोळे उघडे ठेवून रडतं? दुआचेही गेले. नवरीची आई दिवसभर रडत होती, ती तर अख्ख्या लग्नातून गायब."

त्याचे कान लाल झाले. "जनान्यात मी कधी गेलोच नाय. मला कसं कळावं?" मग त्यानं विचारलं, "पापणी लवलेली आणि रडणारी… फरक कसा ओळखता तुम्ही?"

"पापणी लवते तेव्हा बाकीचा चेहरा आपल्या कामात असतो. रडू येतं तेव्हा आधी हनुवटी हलते."

"नमुना लागंल. पण तुमचे फोटो तर –"

"माझा चेहरा घ्या."

बोलून गेले आणि मीच गडबडले. तोही. पण त्यानं त्याच्या लॅपटॉपचा कॅमेरा माझ्याकडं वळवला. मी पापण्या लववल्या. दुआला हात उचलले. जांभईचं नाटक करावं लागलं नाही. मग रडण्याचं तोंड करायला गेले, हनुवटी हलवली… आणि खरंच रडू आलं. सात लग्नं, सुजलेले पाय, शाळेचं ते ऑफिस, सगळं एकदम आलं. ओढणीत तोंड घालून मी रडत बसले.

डोळे पुसून बघितलं, तर त्याचा लॅपटॉप बंद होता आणि तो खिडकीतून रिक्षा बघत होता.

"घेतला फोटो?"

"नाय."

"नमुना हवा होता ना?"

"दुसरा शोधू. हा नको."

उठून त्यानं दोन चहा सांगितले. उगाच लपवत नाही – मला तो आवडला, तो त्याच मिनिटाला. थकलेल्या माणसाला फार काही लागत नाही. त्या वेळी बघायचं नाही हे कुणाला तरी कळावं, एवढं पुरतं.

रडण्याचा नमुना आमरीननं दिला. लॅपटॉपपुढं अर्धा तास हौसेनं रडली म्हणे. मुनीबनं मग आणखी एक केलं, शंका येईल तो फोटो फेकायचा नाही, माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार हजार फोटो दोन तासांत निवडून झाले. नवरीची आई जागच्या जागी होती.

"आता काही अडचण?" त्यानं विचारलं.

खोटी अडचण सांगावी असं फार वाटलं. "नाही."

"म्हंजे माझं इथलं काम संपलं."

"संपलं…"

तो उठला, बसला, चष्मा पुसला. पुढं मामूंनी रेडिओ बारीक केला.

"अम्मीला पाठवू का तुमच्या घरी?"

मी आधी तेच विचारलं जे मला सगळे विचारतात. "आणि लग्नानंतर हे काम?"

"सोडायला लावायचं असतं, तर दोन महिने हे बनवत कशाला बसलो असतो?"

त्याच्याकडं बघून मी हसले तेवढी.

"मंगळवारी पाठवा. पण अकराच्या आधी नको. मी झोपलेली असते."

"व्हय," तो म्हणाला, आणि चपला उलट्या घालून गेला.

शाळेत मी येत नाही, हे मी त्याच दिवशी सकाळी फोन करून कळवून टाकलं होतं. त्याच्या अम्मीचा विषयही निघाला नव्हता तेव्हा. ते त्याला सांगितलं नाही. मंगळवारी सांगेन.