न सांगितलेली जखम

"ज्या जातीनं माझा मुलगा गिळला, तिला तू या घरात आणून दूध पाजतेस?... काळीज आहे की दगड तुझ्या छातीत?"

बाबांचा आवाज चढला तशी स्वयंपाकघरात आईच्या हातातली वाटी खणकन खाली पडली. दारात थोरली उभी होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक पिल्लू तिच्या छातीशी होतं. गाडीखाली सापडून त्याचा मागचा पाय चिरडला होता, आणि ते रडायचंही विसरून नुसतं थरथरत होतं.

"बाबा, फक्त आजचा दिवस... उद्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते."

"आजचा दिवस नाही की आजचा क्षण नाही! तूच त्याला कुत्र्यांचा लळा लावलास. तू लावलास, म्हणून तो गेला! एक तर ते कुत्रं बाहेर जाईल, नाहीतर तू."

थोरलीने ओठ घट्ट मिटून घेतले. एकच वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. ते उच्चारलं असतं तर बाबांचा संताप त्याच क्षणी विझला असता... पण त्याबरोबर बाबाही विझले असते! तिने ते वाक्य गिळलं, वाकून आईच्या पाया पडली आणि पिल्लासकट पायऱ्या उतरली.

काय होतं ते वाक्य?

धाकटा गेला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाबा शाळेत व्यायामशिक्षक. सारी गल्ली त्यांना 'सर' म्हणायची. शिस्त म्हणजे शिस्त! मैदानापलीकडच्या भटक्या कुत्र्यांत खेळायला त्यांनी पोराला सक्त मनाई केली होती. "पुन्हा तिकडे दिसलास तर तंगडं मोडून हातात देईन," असा दम भरला होता. आणि सरांचा दम कधी पोकळ नसतो, हे घरात सगळ्यांना पाठीवरच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्यानंतर काही आठवड्यांनी धाकट्याला ताप आला, आणि पाण्याचा पेला समोर धरताच त्याचा गळा आवळून येऊ लागला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मान खाली घातली. उपाय होता, पण त्याची वेळ कधीच टळून गेली होती.

मधेच शुद्ध आली तेव्हा उशाशी एकटी थोरलीच होती. तो कुजबुजला होता, "ताई, एक कुत्रं चावलं होतं गं... मोज्याखाली लपवलं मी. बाबांना सांगू नकोस हं. मारतील."

सांगू नकोस! मरणाच्या दारातून भावाने घातलेली ती शपथ थोरलीने पाळली. बाबांच्या धाकाने मुलाने जखम लपवली आणि त्यापायी तो गेला, हे बाबांना कळलं असतं तर ते जगले असते का? त्यापेक्षा त्यांनी कुत्र्यांना शिव्या द्याव्यात, आपल्याला दोष द्यावा... असं ठरवून त्या कोवळ्या मुलीने तो आरोप आपल्या माथी घेतला आणि हूं की चूं केलं नाही.

घर सुटलं, पण हात रिकामे राहिले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. टाके घातल्यावर कुत्र्याला कसं धरायचं, घाबरलेल्या जनावराच्या डोळ्यांत न बघता त्याच्याजवळ कसं बसायचं, सारं ती तिथे शिकली. पुढे तिने शहराच्या कडेला मागे अंगण असलेलं एक बैठं घर भाड्याने घेतलं आणि दारावर पाटी लावली. लोक गावाला जाताना आपली कुत्री तिच्याकडे ठेवू लागले. ती त्यांना न्हाऊ घाली, केसांतल्या गाठी बोटांनी सोडवी, कान पुसून देई. नखं कापताना कानात काहीबाही पुटपुटे, आणि मालकाला चावणारी कुत्रीही तिच्यापुढे निमूट पंजा पुढे करत. "आमचं ध्यान घरी कुणाचं ऐकत नाही, तुमच्याकडे कसं गाईसारखं वागतं हो?" असं एका बाईने विचारलं, तर ती हसून म्हणाली, "मी त्याचं ऐकते ना, म्हणून ते माझं ऐकतं!"

या पाळीव कुत्र्यांच्या मिळकतीवर बेवारशांचा संसार चाले. दोन्ही डोळे गेलेली म्हातारी कुत्री, मालक घर बदलताना खांबाला बांधून गेलेला दांडगा, गटाराच्या पाइपात अडकलेलं पिल्लू... कुणालाही तिच्या दारातून परत जावं लागलं नाही. आणि रोज भल्या पहाटे, शहर डोळे चोळत असताना, खांद्याला थंड डबा अडकवून ती गल्लोगल्ली फिरे आणि भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचे. टोचून झालं की गळ्यात निळा पट्टा. लोक हसत, वेडी म्हणत. एक स्थळ आलं होतं, तेही मोडलं, मुलाची आई म्हणाली, "मुलगी लाखात एक आहे, पण अंगाला वास येतो." आई ते सांगताना रडली, थोरली मात्र खो खो हसली. त्या हसण्यामागे काय होतं, ते तिच्या उशीलाच ठाऊक!

आई भाजी आणायच्या निमित्ताने चोरून येई. "तुझ्या बापाला वाटतं मी बाजारात घासाघीस करत बसते," ती म्हणे. "एवढ्या वेळात माणूस अख्खी मंडई विकत घेईल!" आणि निघताना मात्र तिचे डोळे भरून येत. "अगं, एकदा तरी समोर ये त्यांच्या..." थोरली मान हलवी. कोणत्या तोंडाने जायचं? समोर गेलं आणि एखाद्या दुबळ्या क्षणी खरं निसटलं तर?

अशी वर्षं लोटली. बाबा निवृत्त झाले, आईचे केस पांढरे झाले.

एके दिवशी दुपारी ती एका झुबकेदार कुत्र्याला साबण लावत असताना फोन वाजला. आईचा असेल म्हणून तिने ओल्या हातानेच उचलला.

"मी... मी बोलतोय." बाबांचा आवाज! पण तो दरारा कुठे गेला होता? "शेजारची छोटी... तिला कुत्रं चावलंय. घरी कुणी नाही तिच्या. काय करू? लवकर सांग, मला काही सुचत नाही!"

"बाबा, घाबरू नका. जखम नळाखाली धरा, साबण लावून भरपूर वेळ धुवा. वर काहीही बांधू नका, लावू नका. आणि तडक इस्पितळात न्या. मी येतेच."

ती पोहोचली तेव्हा छोटीला इंजेक्शनं देऊन झाली होती आणि आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. बाबा बाहेर बाकावर होते. उतारवयातही ताठ असणारा तो कणा आज वाकला होता.

"कुठलं कुत्रं होतं?" तिने विचारलं.

"तांबडं. फाटक्या कानाचं. गळ्यात निळा पट्टा आहे."

"त्याला मी लस दिलीय. तरी छोटीची सगळी इंजेक्शनं पूर्ण करायची, आणि त्या कुत्र्याला मी दहा दिवस माझ्याकडे नजरेखाली ठेवते."

बाबांनी चमकून वर पाहिलं. "तू... आपल्या गल्लीत येतेस?"

"दरवर्षी येते. तुम्ही मैदानावर फिरायला गेलात की."

बाबांनी आत बसलेल्या छोटीकडे पाहिलं. मग कापऱ्या स्वरात म्हणाले, "ती लंगडत होती. मी विचारलं तर पाय मागे घेतला. सकाळी चावलं होतं गं... दुपारपर्यंत लपवलं त्या लेकराने! माझे पाय धरून म्हणाली, 'आजोबा, पप्पांना सांगू नका, मारतील.'"

थोरलीने नजर वळवली.

"खरं सांग," बाबांनी तिचा हात घट्ट धरला. "त्यानेही असंच लपवलं होतं ना? माझ्या भीतीने?"

"नाही, बाबा!" ती घाईघाईने म्हणाली. "त्याला... त्याला चावलेलं कळलंच नव्हतं. लहान होता हो तो..."

बाबा तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.

"तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, पोरी. आणि एवढं मोठं खोटं तू इतकी वर्षं एकटीने वाहिलंस... माझ्यासाठी? मी तुला घराबाहेर काढलं, आणि तू मात्र माझ्याच दारातल्या कुत्र्यांना लस टोचत फिरलीस?"

"आणखी एका घरात असं होऊ नये, एवढंच मनात होतं, बाबा."

"मला क्षमा कर..." म्हणत तो करारी माणूस भर इस्पितळात लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. लोक पाहत होते. पाहू देत! तिने त्यांची पाठ थोपटली. आजवर किती भेदरलेल्या जिवांना तिने असंच शांत केलं होतं!

तांबडा कुत्रा ठणठणीत राहिला, छोटी पुन्हा गल्लीत बागडू लागली. बाबा रोज थोरलीकडे येऊ लागले. कुत्र्यांपासून चार हात लांबच बसत, पण बसत. मग एक दिवस म्हणाले, "मला माझ्या शाळेत घेऊन चल. मुलांशी बोलायचंय."

पटांगणात मुलं रांगेत बसली होती. बाबा उभे राहिले. जुन्या सवयीने आधी आवाज चढला, मग तो आपोआप उतरला.

"मुलांनो, कुत्रं चावलं, नुसता दात लागला, तरी लपवायचं नाही. घरी सांगायचं. माझ्या मुलाने मला सांगितलं नाही..." थोरलीने त्यांना थांबवायला हात पुढे केला, तो त्यांनी अलगद बाजूला केला. "सांगितलं नाही, कारण तो मला भीत होता. चूक त्याची नव्हती. माझी होती."

शिक्षिकांनी डोळ्यांना पदर लावला. थोरलीला वाटलं, आपल्या छातीवरची शिळा कुणीतरी अलगद उचलली... उचलणारे हात मात्र बाबांचेच होते, आणि ते डगमगत नव्हते!

एवढ्यात अगदी शेवटच्या रांगेतून एक इवलासा हात भीत भीत वर झाला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. फ्रॉकचं टोक चुरगाळत ती कशीबशी म्हणाली, "सर... परवा मला..." आणि खाली बघू लागली.

बाबा रांगांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले. दुखरे गुडघे तसेच जमिनीला टेकवले आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सांग, बाळा," ते म्हणाले. "मी रागावणार नाही."