कुंकवाचा पंजा

मी थापा मारतो, हे पांढरकवड्यात कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण देवाशपथ, यातला एक शब्दही पदरचा नाही.

आणि ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. भर दुपारची. मागच्या एप्रिलमधली, यवतमाळच्या एका दवाखान्यातली.

अभिषेक माझा भाचा, माझ्याच घरी वाढलेला. लग्नात त्याला हौस सुचली. बायकोनं, सुरभीनं, कुंकवात बुडवलेला हात त्याच्या छातीवर उमटवला. त्यानं तो तस्साच गोंदवून घेतला. करंगळी वाकडी, तिची होती तशीच.

वर्षभरात सुरभी गेली.

"मामा, ओढणी गाडीच्या चाकात अडकली," तो म्हणाला.

आम्ही रडलो. विश्वास ठेवला.

मग मोहफुलांच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, त्याला अस्वलानं गाठलं. अस्वल तोंडच धरतं. गाल सोलून हनुवटीखाली लोंबत होता. गळ्याचं मांस गेलेलं. आत उडणारी शीर दिसत होती.

डॉक्टर अनघाबाईंनी समजावलं. "गालावर मांडीची पातळ कातडी चालेल. गळ्यावर ती आकसते, मान खाली ओढते. तिथे छातीची कातडी मांसासकट वर फिरवू. रक्तवाहिनी न तोडता."

अभिषेकच्या गळ्यात श्वासाची नळी होती. तिच्या भोकावर बोट ठेवलं, तरच बोलता येई.

"छातीची नोको!" तो घरघरला. "दुसरी कुठचीबी घ्या..."

"काहून रे? जीव जड झाला का तुले?"

"तो पंजा गळ्यावर येईन, मामा..."

"येऊ दे ना! बायको गळ्यात पडली म्हणू."

तो हसला नाही. पण शीर कधीही फुटली असती. शेवटी त्यानं मान डोलावली.

पट्टी सुटली तेव्हा पंजा बरोब्बर गळ्यावर होता.

एका दुपारी वॉर्ड जेवून पेंगत होता. मी संत्रं सोलत होतो.

नळीची सूं-सूं एकदम... थांबली.

मी पाहिलं. अभिषेकचे दोन्ही हात गादीवर होते.

आणि नळीच्या भोकावर... एक करंगळी होती.

वाकडी.

"ओढणी नव्हती, मामा..." त्याच्या तोंडून शब्द निघू लागले. डोळे मात्र 'नको, नको' म्हणत होते. "मीच दाबला... हातानं..."

बोलून झालं.

करंगळी उठली नाही.

बाकीची बोटं आवळली. टाके तटातट तुटले. अभिषेक नखांनी स्वतःचा गळा फाडू लागला, मांसाचे लगदे चादरीवर पडले. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. मी ती बोटं सोडवायला धावलो.

त्या पंजानं माझं मनगट धरलं... आणि हळूच बाजूला ठेवलं. मामेसासऱ्याचा मान राखावा तसं.

मग तो परत गळ्यावर गेला.

"स्वतःच ओरबाडून शीर फोडली त्यानं," डॉक्टर म्हणाल्या.

असेल. पण अंघोळ घालताना मी पाहिलं. गळ्यावर उरलेली कातडी कोरी होती. गोंदणाचा ठिपकाही नव्हता.

सुरभी रोज सकाळी माझ्या पाया पडायची. मी म्हणायचो, "अखंड सौभाग्यवती हो."

आता भर उन्हाळ्यात मी मोजे घालतो. लोक हसतात. हसू द्या.

रोज सकाळी देवापुढे दिवा लावला, की पावलांवर थंडगार बोटं टेकतात...

चार सरळ. एक वाकडं.

आणि उठतच नाहीत. आशीर्वादाची वाट पाहतात.

काय म्हणू हो मी तिला?